मॅक्झिमा-मिनिमाचं शाब्दिक उदाहरण मांडायचं कसं: आकृती, टेबल, फॉर्म्युला, ग्राफ सगळं एकाच पानावर

बारावी सायन्सच्या कोणत्याही पोराला विचारा मॅक्झिमा-मिनिमा, म्हणजे जास्तीत जास्त नाहीतर कमीत कमी किंमत शोधायचं गणित, कसं सोडवायचं, तो धाडधाड सांगेल, डेरिव्हेटिव्ह काढायचा, झिरो ठेवायचा, एक्सची किंमत काढायची, सेकंड डेरिव्हेटिव्ह निगेटिव्ह आला तर मॅक्झिमम, पॉझिटिव्ह आला तर मिनिमम, संपला विषय. मग त्यालाच तारेचं नाहीतर डब्याचं नाहीतर टाकीचं उदाहरण द्या, पाच मिनिटं नुसता पेन चावत बसतो. "सर, फंक्शन द्या ना, पुढचं मी करतो." अरे बाप्पा, फंक्शनच तर बनवायचं आहे, पुढचं कोणीही करेल!

मी नागपूरला नंदनवन भागात ट्यूशन घेतो आणि अॅप्लिकेशन्स ऑफ डेरिव्हेटिव्हज हा चॅप्टर आला की दरवर्षी हेच होऊन राहिलं आहे. पोट्टे हुशार असतात, त्यात वाद नाही. अडचण अशी की एकच गोष्ट पाच रूपांत समोर येते, शब्दांत, आकृतीत, आकड्यांच्या टेबलमध्ये, फॉर्म्युल्यात आणि ग्राफमध्ये, आणि पोरांना ती पाच वेगवेगळी कामं वाटतात. आकृती काढायची कारण तिला अर्धा मार्क मिळतो म्हणे, ग्राफ तर कोणी काढतच नाही, आणि टेबल म्हणजे सातवीतलं काहीतरी, बारावीत कोण टेबल बनवतं. मग फॉर्म्युला पानावर एकटा पडतो, आणि तो चुकला तर चुकला हे सांगणारं तिथे कोणीच नसतं.

ही काही आपल्याकडचीच गोष्ट नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या शेवटी कॅल्क्युलस शिकवण्याची पद्धत बदलायला घेतली तेव्हा आधी रूल ऑफ थ्री आला, म्हणजे प्रत्येक गोष्ट ग्राफ, आकडे आणि फॉर्म्युला अशा तिन्ही अंगांनी दाखवायची, आणि नंतर त्यात शब्द धरून तो रूल ऑफ फोर झाला. आपल्या शाब्दिक उदाहरणांसाठी मी त्यात आकृती पाचवी धरतो.

खाली जे लिहितोय ते वाचू नका, वही घ्या आणि सोबत करा. फॉर्म्युल्यात मी अक्षरं मराठी वापरली आहेत, तुम्ही तुमचं एक्स-वाय लिहा, फरक पडत नाही.

आधी प्रश्न घरच्या भाषेत

प्रश्न असा समजा. काटोलकडे एकाची संत्र्याची बाग आहे, एका बाजूने नाला वाहतो, त्याच्याकडे २०० मीटर जाळी आहे, नाल्याच्या बाजूला जाळी लावायची नाही, बाकी तीन बाजूंनी लावून आयताकृती तुकडा घेरायचा आहे, जास्तीत जास्त जागा घेरायची तर मापं काय ठेवायची?

पेन उचलायच्या आधी हे शेजारच्या काकांना समजावता तसं सांगून बघा. सांगताना दोन गोष्टी वेगळ्या निघाल्या पाहिजेत: काय वाढवायचंय आणि काय बांधलेलं आहे. इथे वाढवायची जागा, म्हणजे क्षेत्रफळ, आणि बांधलेली जाळी, २०० मीटर. निम्म्या वह्यांमध्ये मला हीच अदलाबदल दिसते, पोरगा २०० लाच क्षेत्रफळ धरून बसतो कारण प्रश्नात तो एकच आकडा आहे आणि आकडा दिसला की कुठेतरी टाकायचा ही दहा वर्षांची सवय. म्हणून वहीत वरती दोन ओळी लिहाच, "वाढवायचं: क्षेत्रफळ" आणि "फिक्स: जाळी २०० मीटर", युनिटसकट. युनिट लिहिलं की चौरस मीटर आणि मीटर यांची गल्लत आपोआप थांबते.

आकृती एक नाही, तीन

हे मी सगळ्यात जास्त डोकं खाऊन सांगतो. पोरं आकृती काढतात ती एकच, सुबक, पट्टीने, आणि ती बहुतेक चौकोनासारखीच निघते. मग डोक्यात तेच चित्र थिजतं आणि पोरगं विसरतं की हा आकार बदलू शकतो, किंबहुना सगळा प्रश्नच तो बदलण्याचा आहे.

तर तीन काढायच्या, हाताने, वेड्यावाकड्या चालतील. पहिल्यात नाल्याकडे जाणाऱ्या बाजू अगदी छोट्या, १० मीटर, मग नाल्याला समांतर बाजू १८० ची. लांबट पट्टी झाली. दुसऱ्यात त्या बाजू ९० च्या, मग समांतर बाजू फक्त २० ची, गल्लीसारखी. तिसरी मधली कुठलीतरी, ४० आणि १२०. आता तिन्हीकडे बघा, काय बदललं? दोन्ही बाजू बदलल्या, क्षेत्रफळ बदललं. काय बदललं नाही? जाळी. जे बदलतं त्याला अक्षर द्यायचं, जे बदलत नाही त्याला आकडाच ठेवायचा. हे वाक्य मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवतो आणि पुसू देत नाही.

नाल्याकडे जाणारी बाजू र म्हणा. अशा बाजू दोन, म्हणजे २र मीटर जाळी त्यात गेली, उरली २०० − २र, ती समांतर बाजूला. हे अक्षर आकृतीवर लिहायचं, बाजूला "लेट एक्स बी" करून नाही. गाइडमध्ये ती लेट एक्स बी वाली ओळ आयती मिळते, म्हणून सगळं सोपं वाटतं, आणि परीक्षेत ती ओळ द्यायला गाइड नसतं.

आकृती नसेल तर काय होतं तेही सांगतो. पोरगं सवयीने परिमितीचा फॉर्म्युला टाकतं, दोन गुणिले लांबी अधिक रुंदी बरोबर २००, आणि ५० बाय ५० चा चौरस, क्षेत्रफळ २५०० असं ऐटीत लिहितं. डेरिव्हेटिव्ह बरोबर, सेकंड डेरिव्हेटिव्ह बरोबर, उत्तर चूक, कारण त्याने नाल्यातही जाळी टाकली!

टेबल, आणि त्यातच लपलेलं डेरिव्हेटिव्ह

आता टेबल. र ला आकडे द्यायचे आणि प्रत्येक वेळी हाताने हिशोब करायचा.

र = १०, समांतर बाजू १८०, क्षेत्रफळ १८००
र = २०, समांतर बाजू १६०, क्षेत्रफळ ३२००
र = ३०, समांतर बाजू १४०, क्षेत्रफळ ४२००
र = ४०, समांतर बाजू १२०, क्षेत्रफळ ४८००
र = ५०, समांतर बाजू १००, क्षेत्रफळ ५०००
र = ६०, समांतर बाजू ८०, क्षेत्रफळ ४८००

दोन-तीन ओळी केल्या की हाताला समजतं आपण दर वेळी काय करतोय: २०० मधून र ची दुप्पट वजा करतो आणि आलेल्याला र ने गुणतो. बस, हाच फॉर्म्युला, क्षेत्रफळ = र × (२०० − २र). ज्याला फॉर्म्युला सुचत नाही त्याला मी हेच सांगतो, सुचवू नको, तीन आकडे कर आणि हात काय करतोय ते लिही. क्लासमधल्या सगळ्यात गप्प पोरीलाही हे जमतं, कारण यात सुचण्यासारखं काही उरतच नाही.

पण टेबलचा खरा माल पुढे आहे. क्षेत्रफळाच्या आकड्यांमधले फरक काढा. १८०० वरून ३२००, वाढ १४००. मग १०००, मग ६००, मग २००, आणि मग −२००. वाढ कमी कमी होत गेली, ५० च्या अलीकडे पॉझिटिव्ह, पलीकडे निगेटिव्ह. ज्याला तुम्ही डीवाय बाय डीएक्स म्हणून राहिले ते हेच आहे. फॉर्म्युल्याने तपासा, डेरिव्हेटिव्ह २०० − ४र, १० आणि २० च्या मधे १५ ला तो येतो १४०, आणि टेबलमध्ये दहा मीटरला १४०० वाढ, म्हणजे मीटरमागे १४०. तंतोतंत. आता त्या फरकांचे फरक काढा, दर वेळी −४००. सेकंड डेरिव्हेटिव्ह −४, आणि आपली पायरी दहा-दहाची, म्हणून −४ गुणिले १०० बरोबर −४००. सेकंड डेरिव्हेटिव्ह निगेटिव्ह म्हणजे मॅक्झिमम हे पाठ करून बसलेल्या पोरांना इथे पहिल्यांदा दिसतं की निगेटिव्ह म्हणजे वाढीला उतरती कळा लागली आहे, म्हणून वर चढलेलं आता खालीच येणार.

आणखी एक बघा, ५० च्या अगदी शेजारी. र ४९ घ्या, ४९ गुणिले १०२, येतं ४९९८. र ५१ घ्या, ५१ गुणिले ९८, तेही ४९९८. एक मीटर इकडे-तिकडे केलं तर पाच हजारात फक्त दोनाचा फरक, आणि तेच र १० चा ११ केला तर १८०० चे १९५८ होतात. मॅक्झिममपाशी बदल जवळजवळ थांबतो, झिरो का ठेवायचा त्याचं उत्तर हेच.

ही गोष्ट केपलरने न्यूटन जन्मायच्या आधी हेरली होती. १६१३ मध्ये त्याचं दुसरं लग्न झालं, लिंझच्या घरात वाइनची पिंपं आणली, आणि व्यापारी पिंपाच्या भोकातून तिरकी काठी आत घालून ती किती ओली झाली त्यावरून दाम लावायला लागला. केपलरला ते काही पचेना, एकाच काठीच्या मापात जाडं पिंप आणि बारकं पिंप दोन्ही कसे मोजता? त्यावरून त्याने वेगवेगळ्या मापांच्या पिंपांचा हिशोब केला आणि १६१५ मध्ये पुस्तकच काढलं, त्यात हे नोंदवलं की सगळ्यात जास्त माल मावणाऱ्या मापाच्या आसपास माप थोडं चुकलं तरी मालात फरक जवळपास पडत नाही. डेरिव्हेटिव्ह तेव्हा नव्हताच, आकडे होते. म्हणून टेबलला सातवीतलं म्हणू नका.

ग्राफ म्हणजे शेताचं चित्र नाही

टेबलमधले बिंदू ग्राफवर टाका, उलटी वाटी तयार होते, टोक ५० वर. इथे एक गंमत होते, पोरं नक्की कशात अडकतात हे मला सुरुवातीला कळतच नव्हतं. ग्राफ टेकडीसारखा दिसतो आणि पोरांना वाटतं शेत तसं आहे, किंवा टेकडीची उंची म्हणजे शेताची बाजू. आडव्या अक्षावर र आहे आणि उभ्या अक्षावर क्षेत्रफळ, हे बोलताना सगळे हो म्हणतात, पण तपासून बघा. ग्राफवर ३० आणि ४२०० चा बिंदू दाखवून म्हणा, या बिंदूचं शेत काढून दाखव. ज्याने ३० बाय १४० चा आयत काढला त्याला समजलं. ज्याने ३० बाय ४२०० काढला (काढतात हो) त्याला परत टेबलकडे पाठवा.

हा उलटा प्रवास रोज करा. ग्राफवरून आकृती, फॉर्म्युल्यावरून गोष्ट. सगळे क्लास शब्दांकडून फॉर्म्युल्याकडे नेतात, उलटं कोणी नेत नाही. मी कधीकधी नुसता फॉर्म्युला देतो, समजा क्षेत्रफळ = र × (६० − ३र), आणि विचारतो बागेची आकृती काढा. यात तीन उभ्या बाजू आहेत आणि एक आडवी, म्हणजे नाल्याकाठचा तुकडा मधे एक जाळी टाकून दोन भागांत तोडलेला. हे ज्याने ओळखलं त्याला परीक्षेतला कुठलाही जाळीचा प्रश्न घाबरवू शकत नाही.

डोमेन: ग्राफ खोटं बोलत नाही, पण जास्तीचं बोलतो

संत्रा बर्फीचा डबा घ्या. पुठ्ठा ३० बाय ३० सेंटीमीटर, चारही कोपऱ्यांतून ब बाजूचे चौरस कापायचे, कडा वर वळवायच्या, वरून उघडा डबा होतो. घनफळ जास्तीत जास्त पाहिजे. इथे तर खरंच पुठ्ठा आणि कात्री घ्या, घरी मिठाईचे डबे पडलेलेच असतात. तळ ३० − २ब चा चौरस (दोन वेळा ब का वजा करायचा हे कापून बघितल्याशिवाय बऱ्याच जणांना कळत नाही, ३० − ब करून मोकळे होतात), उंची ब.

घनफळ = ब × (३० − २ब)². टेबल: ब १ ला ७८४, ३ ला १७२८, ४ ला १९३६, ५ ला २०००, ६ ला १९४४, १० ला १०००. डेरिव्हेटिव्ह येतो १२ × (ब − ५) × (ब − १५). म्हणजे दोन किमती, ५ आणि १५. पुस्तकी पोरगं दोन्हींवर सेकंड डेरिव्हेटिव्ह लावत बसतं. हरकत नाही, पण कात्री हातात घेतलेलं पोरगं सांगेल की १५ कापले तर पुठ्ठाच उरत नाही, डबा कुठला!

आता मोबाइलवर डेसमॉस नाहीतर जिओजेब्रा उघडून हाच फॉर्म्युला टाका. ग्राफ ५ ला चढतो, १५ ला जमिनीला टेकतो आणि पुन्हा वर जायला लागतो, जातच राहतो. ब २० टाका, घनफळ परत २०००. ब २५ टाका, दहा हजार! तीस सेंटीमीटरच्या पुठ्ठ्यातून दोन्हीकडून पंचवीस-पंचवीस कापले आणि डबा पाचपट मोठा झाला. मग पोरं म्हणतात सर मॅक्झिमम तर इन्फिनिटी आहे. फॉर्म्युल्याला काय माहीत पुठ्ठा म्हणजे काय, त्याला ३० − ५० बरोबर −२० येतं, त्याचा वर्ग केला की ४००, चुकीचं चिन्ह वर्गात गायब, आणि तो खुशाल उत्तर देतो. म्हणून फॉर्म्युल्याशेजारी तिथल्या तिथे डोमेन, म्हणजे अक्षराची किंमत कुठून कुठपर्यंत चालते ते, लिहायचं: ब शून्यापेक्षा मोठा, १५ पेक्षा लहान. ते आकृतीवरून येतं, फॉर्म्युल्यावरून कधीच येणार नाही. ग्राफवर १५ च्या पुढे पेन्सिलने काट मारून टाका.

झिरो ठेवून मॅक्झिमम मिळत नाही तेव्हा

याच्यावर जरा थांबा, इथे चांगले चांगले आपटतात. १०० सेंटीमीटर तार आहे, तिचे दोन तुकडे करायचे, एकाचं वर्तुळ, दुसऱ्याचा चौरस, एकूण क्षेत्रफळ कमीत कमी कधी आणि जास्तीत जास्त कधी? सगळी तार एकाच आकाराला दिली तरी चालेल.

वर्तुळाला व सेंटीमीटर दिली. पाय २२/७ धरा. टेबल करा.

व = ०, सगळी तार चौरसाला, क्षेत्रफळ ६२५
व = २०, वर्तुळ ३१.८ आणि चौरस ४००, एकूण ४३१.८
व = ४४, वर्तुळ १५४ आणि चौरस १९६, एकूण ३५०
व = ६०, वर्तुळ २८६.४ आणि चौरस १००, एकूण ३८६.४
व = ८०, वर्तुळ ५०९.१ आणि चौरस २५, एकूण ५३४.१
व = १००, सगळी तार वर्तुळाला, ७९५.५

डेरिव्हेटिव्ह झिरो ठेवला की व = ४४ येतो, आणि बघा काय सुंदर आकडे, वर्तुळाची त्रिज्या ७, चौरसाची बाजू १४, म्हणजे वर्तुळाचा व्यास आणि चौरसाची बाजू सारखी. पण हा मिनिमम आहे. पोरं "जास्तीत जास्त" वाचतात, डेरिव्हेटिव्ह झिरो ठेवतात, ३५० येतं, आणि तेच मॅक्झिमम म्हणून चौकटीत टाकतात. त्यांच्या डोक्यात झिरो म्हणजे उत्तर. ग्राफ काढला असता तर दरी दिसली असती, दरीत टेकडी शोधायची नसते एवढं तर कोणालाही कळतं. मॅक्झिमम इथे टोकाला आहे, १०० ला, सगळी तार वर्तुळाला, आणि तिथे डेरिव्हेटिव्ह झिरो नाहीच. क्रिटिकल पॉइंट (इथे डेरिव्हेटिव्ह झिरो येतो तो) आणि दोन्ही टोकं, तिन्हींच्या किमती काढून शेजारी शेजारी ठेवायच्या, मग बोलायचं. सेकंड डेरिव्हेटिव्ह टोकाबद्दल चकार शब्द काढत नाही.

दोन अक्षरं आली तर घाबरायचं नाही

गच्चीवर वरून उघडी टाकी बांधायची, तळ चौरस, ४ घनमीटर पाणी मावलं पाहिजे, पत्रा कमीत कमी लागला पाहिजे. आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्रीच्या वर पारा जातो, कूलरला पाणी पुरत नाही, तेव्हा प्रश्न अगदीच पुस्तकी नाही. तळाची बाजू त, उंची उ. पत्रा = त² + ४तउ. दोन अक्षरं, डेरिव्हेटिव्ह कशाचा काढायचा? इथे "फिक्स" वाली ओळ कामाला येते, त²उ = ४, म्हणून उ = ४/त², आणि पत्रा = त² + १६/त. उ ठेवून त काढून टाकला तरी उत्तर तेच येतं, फक्त वर्गमूळ मधे येऊन बसतं आणि डोक्याला ताप होतो. ज्याला घालवणं सोपं त्याला घालवा.

त १ ला १७, १.५ ला सुमारे १२.९२, २ ला १२, ३ ला सुमारे १४.३३, ४ ला २०. उत्तर त = २, उ = १. पण मला इथे ग्राफ आवडतो, कारण तो कारण सांगतो. त² एकटा काढा, चढत जातो, हा तळाचा पत्रा. १६/त एकटा काढा, उतरत जातो, हा भिंतींचा पत्रा. टाकी पसरट केली तर तळ खातो, उंच केली तर भिंती खातात, दोघांची बेरीज मधे कुठेतरी सगळ्यात खाली. फॉर्म्युल्यातल्या प्रत्येक तुकड्यावर बोट ठेवून हा टाकीचा कोणता भाग हे विचारा. उत्तर आलं नाही तर तो फॉर्म्युला पाठ केलेला आहे, बनवलेला नाही.

शेवटी परत शब्दांत या

एक्सची किंमत आली म्हणजे प्रश्न संपला असं नाही. तर्री पोह्याची गाडी घ्या. प्लेट ३० रुपयांना, रोज २०० प्लेटा खपतात, भाव एका रुपयाने वाढवला की ५ प्लेटा कमी खपतात. गल्ला जास्तीत जास्त कधी? वाढ व रुपये धरली तर गल्ला = (३० + व) × (२०० − ५व), डेरिव्हेटिव्ह ५० − १०व, व = ५. आणि पोरगं लिहितं, उत्तर ५ रुपये. पाच रुपयांत तर्रीसुद्धा येत नाही रे! व ही वाढ होती, भाव ३५, प्लेटा १७५, गल्ला ६१२५. अक्षर कशाला दिलं होतं ते आकृतीपाशी (इथे आकृती नाही, मग टेबलच्या पहिल्या रकान्यावर) लिहिलेलं असेल तर हे होत नाही.

आता प्रश्न थोडा वाकवा. एका प्लेटेला १२ रुपये खर्च येतो आणि विचारलंय नफा, गल्ला नाही. नफा = (१८ + व) × (२०० − ५व), व = ११, भाव ४१, प्लेटा १४५, नफा ४२०५. भाव ३५ ठेवला असता तर नफा ४०२५ च आला असता. एकच गाडी, तेच पोहे, फक्त "वाढवायचं" वाली ओळ बदलली आणि उत्तर सहा रुपयांनी सरकलं. कॉमर्सवाल्यांनी हे उदाहरण जास्त मन लावून करावं, त्यांना हे वेगवेगळ्या कपड्यांत भेटत राहतं.

वेळ कुठून आणायचा

हा प्रश्न येतोच, सर एवढं सगळं परीक्षेत कोण करत बसेल. बोर्डात कॅल्क्युलेटर नाही, मान्य. पण सराव करताना सगळं करायचं आणि पेपरात निवडून करायचं. उत्तरपत्रिकेत एक आकृती आणि डोमेन लिहा, टेबलच्या दोन-तीन ओळी रफमध्ये, ग्राफचा नुसता आकार पेन्सिलने, दोन मिनिटांचं काम आहे. आलेल्या उत्तराच्या थोडं अलीकडची आणि थोडं पलीकडची किंमत टाकून बघितली की मॅक्झिमम खरंच मॅक्झिमम आहे का ते लगेच कळतं.

सीईटीत तर टेबल सोनं आहे. मॅथ्सचे ५० प्रश्न, ९० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही, चार ऑप्शन समोर. डब्याच्या प्रश्नाला ऑप्शन ३, ५, ६, १० असतील तर डेरिव्हेटिव्ह कशाला, फॉर्म्युला बनवा आणि चार किमती टाका. फक्त ऑप्शनमध्ये १५ च्या वरचा आकडा दिला असेल तर आधी त्याला काट मारा, २५ टाकून दहा हजार आले म्हणून तो टिक करून येणारे असतातच. आणि ऑप्शन मापाचे आहेत की घनफळाचे हेही बघून घ्या, घाईत लोक ५ च्या जागी २००० शोधत बसतात.

घरी करायला एक देतो. पोह्याच्या गाडीचा खर्च प्लेटमागे १२ च्या जागी १८ धरा, बाकी सगळं तेच. टेबल करा, हात काय करतोय ते बघून फॉर्म्युला लिहा, ग्राफचा आकार काढा, मग डेरिव्हेटिव्ह. भाव ४४, प्लेटा १३० आणि नफा ३३८० आला पाहिजे. नाही आला तर डेरिव्हेटिव्ह तपासायच्या आधी टेबलची पहिली ओळ तपासा, व = ० ला नफा २४०० येतो का ते.